करुणेचे अक्षर आणि बधिर हात

दोन वर्षांपूर्वी मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीसाठी गेलो असता डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि पायाच्या अंगठ्याला काहीतरी लावून विचारले, "कळतंय का?" मी म्हणालो, "आधी लावा तर खरं." ते काहीच बोलले नाहीत. डोळे उघडून पाहिले, तेव्हा कंप पावणारा नादकाटा माझ्या अंगठ्यावर टेकलेलाच होता. पायाची संवेदना कमी होत चालली आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि पुढे म्हणाले, "रोज रात्री झोपण्यापूर्वी तळपाय हाताने चाचपून पाहत जा. पायाला जखम झाली तर पाय आता सांगणार नाही, हाताला विचारावं लागेल."

घरी परतताना 'बधिर' हा शब्द मनात घोळत राहिला. ज्याला ऐकू येत नाही तो बधिर आणि ज्याला स्पर्श कळत नाही तेही अंग बधिर, अशी दुहेरी सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. जो अवयव ऐकत नाही, तो जणू आपला राहत नाही. याच विचाराच्या ओघात तरुणपणी दोन वर्षे गिरवलेली आणि पुढे सोडून दिलेली चिनी अक्षरे आठवली आणि त्यांच्याबरोबर अकराव्या शतकातील चेंग हाओ (१०३२–१०८५) या तत्त्वज्ञाचे एक निरीक्षण. वैद्यकाच्या ग्रंथांत हातापायांच्या बधिरपणाला 'बू-रेन' म्हणतात, आणि 'रेन' म्हणजे काय हे सांगण्यासाठी याहून नेमके वर्णन सापडणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

'रेन' हा कन्फ्यूशियसच्या विचारातील मध्यवर्ती शब्द. माणुसकी, सहृदयता, परोपकार असे त्याचे अनुवाद केले जातात. प्रत्येक अनुवादात काहीतरी निसटते. 'बू' म्हणजे नाही. तेव्हा 'बू-रेन' या शब्दाचा नीतिशास्त्रातला अर्थ निर्दय, तर वैद्यकातला अर्थ बधिर. चेंग हाओने केले ते एवढेच की, या दोन अर्थांना एकमेकांपासून वेगळे होऊ दिले नाही. ज्याला दुसऱ्याचे दुःख कळत नाही तो दुष्टच असतो असे नाही. त्याचा एक अवयव बधिर झालेला असतो. हात त्याचाच असतो, परंतु त्या हातातून शरीरभर फिरणारे जे काही असते ते तेथपर्यंत पोचत नाही. नीतीचा प्रश्न येथे आज्ञेच्या कक्षेतून निघून जाणिवेच्या कक्षेत येतो. 'दया कर' असे बधिर हाताला सांगून काय उपयोग?

अक्षराच्या घडणीकडे पाहिले तर आणखी मौज आहे. 'रेन' हे अक्षर 'माणूस' आणि 'दोन' या खुणांनी बनलेले आहे, असे शू शेनच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या कोशात सांगितले आहे. दोन माणसांमध्ये जे असते ते 'रेन', असे विवेचन त्यामुळे अनेक पुस्तकांतून आढळते. परंतु १९९३ मध्ये हुबेइ प्रांतातील क्वोत्यान येथे एका प्राचीन थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरील लेखन सापडले. ते इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातील मानले जाते. १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की त्या पट्ट्यांवर 'रेन' निराळ्या तऱ्हेने लिहिलेले आहे : वर 'शरीर', खाली 'हृदय'. बधिरतेची उपमा हाताशी असणाऱ्या वाचकाला ही जोडणी किती मोहात पाडील, हे सांगायला नको. मीही त्या मोहात पडलो. मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते त्या अक्षरातील 'शरीर' ही खूण मुख्यतः उच्चार सुचवण्यासाठी आलेली आहे. या अडचणीकडे पुढे वळावे लागणार आहे.

कारण करुणेवर खऱ्या अर्थाने चिंतन करणारा जो चिनी वैद्य मला महत्त्वाचा वाटतो, तो अक्षरांच्या घडणीविषयी एक शब्दही बोलत नाही. सुन सिम्याओ. थांग राजवटीतला हा वैद्य इसवी सन ६८२ मध्ये वारला. लहानपणी तो सतत आजारी असे आणि त्याच्या औषधपाण्यात घरची मिळकत संपली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. सातव्या शतकाच्या मध्याला त्याने रचलेल्या ग्रंथाच्या नावात 'हजार सुवर्णमुद्रा' असे शब्द आहेत. माणसाचा जीव त्याहून मोलाचा आहे, म्हणून हे नाव. त्या ग्रंथाच्या आरंभी श्रेष्ठ वैद्याविषयीचे एक लहानसे प्रकरण आहे. वैद्यकीय नीतीवरील लेखन म्हणून ते चीनमध्ये आजही वाचले जाते. मला मात्र ते अव्वल दर्जाचे गद्य वाटते.

प्रकरणाच्या शीर्षकात दोन गुण जोडीने येतात, नैपुण्य आणि प्रामाणिकपणा. आणि आधी येते ते नैपुण्य. करुणेवरचे आपले बहुतेक लेखन नेमके येथेच घसरते. सुन सिम्याओ आरंभीच सांगतो की, तीन वर्षे ग्रंथ वाचलेल्या मूर्खाला जगात बरा न होणारा आजारच नाही असे वाटते, आणि मग तीन वर्षे प्रत्यक्ष उपचार केल्यावर उपयोगी पडेल असा एकही पाठ जगात नाही हे त्याला उमगते. हे वाचल्यावर करुणेची भाषा करण्याचा अधिकार कोणाला, याविषयी मनात थोडी जरब बसते. ज्याला नाडी कळत नाही त्याची कणव रोग्याच्या काय कामाची?

त्यानंतर येते ते करुणेचे विवेचन. वैद्याने प्रथम मन स्थिर करावे, स्वतःसाठी काही मागू नये आणि एक महान कणव मनात जागवावी, असे तो म्हणतो. येथे त्याने योजलेले शब्द पाहण्यासारखे आहेत. पहिला शब्द आहे 'त्स'. हा मूळचा आईबापांच्या मायेचा शब्द. लाओत्झच्या तीन अनमोल गोष्टींत तो पहिला आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा 'मैत्री' या संस्कृत शब्दासाठी हाच शब्द वापरला गेला, तर 'करुणा' या शब्दासाठी आला 'बेइ'. 'बेइ'चा मूळ अर्थ शोक. आपल्याकडेही करुण रसाचा स्थायिभाव शोकच आहे. दोन्ही भाषांना करुणेकडे जाण्याचा रस्ता दुःखातूनच सापडावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. इसवी सन ४०१ मध्ये छांगआनला पोचलेल्या कुमारजीवाच्या नावावर असलेल्या एका महाभाष्याच्या अनुवादात या दोहोंतला भेद स्पष्ट केला आहे : 'त्स' सुख देते, 'बेइ' दुःख उपटून काढते. सुन सिम्याओच्या त्या वाक्यात 'त्स'ला लागूनच मेन्शियसचा शब्द येतो. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाच्याही काळजात जे चर्र होते, त्याला मेन्शियसने दिलेले ते नाव. म्हणजे बौद्ध विहारातला शब्द आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतला शब्द या वैद्याने शेजारी शेजारी बसवले आणि समन्वयाचा कोणताही गाजावाजा न करता तो पुढे गेला. त्याला रोग्याकडे जायचे होते.

आणि मग तो काय सांगतो? रोगी श्रीमंत की गरीब, म्हातारा की तरुण, देखणा की कुरूप, मित्र की वैरी, 'ह्वा' की 'यी' (म्हणजे आपल्यातला चिनी की परका), शहाणा की मूर्ख, हे विचारू नये; सर्वांना रक्ताच्या नातलगासारखे मानावे. दुसऱ्याची वेदना स्वतःची असल्यासारखी पाहावी. रात्र, थंडी, भूक, थकवा यांची सबब सांगू नये. मनुष्याला वाचवण्यासाठी जिवंत प्राणी मारणेही त्याला मान्य नाही. कोंबडीच्या अंड्यापाशी येऊन तो थोडा अडखळतो आणि निकडीच्या प्रसंगी तेवढी सवलत नाइलाजाने घेतो. त्याचे हे अडखळणे मला त्याच्या निष्ठेइतकेच प्रिय आहे. पुढे तो वैद्याला श्रीमंत रोग्याच्या घरी नेतो. तेथील रेशमी वस्त्रांवर वैद्याची नजर रेंगाळू नये, वाद्ये वाजत असली तरी त्यात त्याने रमू नये, समोर आलेले पक्वान्न त्याला बेचव लागावे. कारण त्याच घरात एक माणूस कण्हत असतो. नीतीचे किती नियम आजवर वाचले. पण जिभेवरच्या चवीपर्यंत पोचलेला नियम मला फक्त येथे भेटला.

रोग्याच्या अंगावरची गळवे, अतिसार, दुर्गंधी, ज्याकडे कोणाला पाहवत नाही असे सगळे समोर आले, तरी मनात किळसेचा कणही उठता कामा नये, असे तो म्हणतो. हे वाचताना मी नेहमी थांबतो. त्याचे कारण खासगी आहे. माझी आई अखेरचे चार महिने अंथरुणावर होती. तिच्या पाठीवर जखमा झाल्या होत्या. त्या रोज धुवायला एक बाई यायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या आल्या की मी दारापर्यंत जात असे आणि तेथेच उभा राहत असे. त्याच सत्रात मी वर्गात 'उत्तररामचरित' शिकवत होतो. करुण हाच एकमेव रस, अशी भवभूतीची भूमिका समजावून सांगताना विद्यार्थी भारावून ऐकत. एकदा तर माझाही कंठ दाटून आला. दुपारी घरी आलो, आणि आईच्या खोलीच्या दारापाशी पुन्हा पाय थबकले. आपले साहित्यशास्त्र आस्वादकाला 'सहृदय' म्हणते. त्या चार महिन्यांत या शब्दाची मला जी लाज वाटली, ती अजून पुरती ओसरलेली नाही. काव्यातला शोक आस्वाद्य होतो, कारण तेथे आपल्याला काही करावे लागत नाही. आपल्या आचार्यांनी ते मोठ्या सूक्ष्मतेने मांडलेच आहे. परंतु या सूक्ष्मतेची सवय झालेल्या माणसाचा एखादा अवयव हळूहळू बधिर होत असेल काय, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

सुन सिम्याओने कुष्ठरोग्यांवरही उपचार केले. सहाशेहून अधिक रोग्यांवर आपण स्वतः उपचार केले, त्यांतला दहातला एक बरा झाला, आणि त्या प्रत्येकाची शुश्रूषा आपण जातीने केली, असे तो नोंदवतो. यशाचा आकडा इतक्या सरळपणे सांगणारा वैद्य विरळा. कुष्ठरोग हा तर बधिरतेचाच रोग. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे लक्षात येत नाही आणि त्यातून ती नष्ट होतात. वेदना ही राखण आहे, हे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले. मला माझ्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते त्याच ज्ञानाचे घरगुती रूप होते.

आता त्या लांबवलेल्या अडचणीकडे वळू. 'त्स' आणि 'बेइ' या दोन्ही अक्षरांच्या तळाशी हृदयाची खूण आहे. 'बेइ'च्या वरच्या भागाचा स्वतंत्र अर्थ 'नाही' असा होतो. मग लगेच स्पष्टीकरणे सुरू होतात : जेथे हृदय 'मी'ला नाकारते तेथे करुणा, वगैरे. 'शू' हा कन्फ्यूशियसचा आणखी एक शब्द. आयुष्यभर पाळता येईल असा एकच शब्द सांगा, असे शिष्याने विचारले तेव्हा त्याने दिलेला. त्याचे अक्षर 'सारखे' आणि 'हृदय' असे फोडून 'माझ्या मनासारखेच दुसऱ्याचे मन' हा अर्थ काढतात. अर्थ सुंदर आहे, आणि त्या शब्दाच्या आशयाशी जुळतोही. परंतु चिनी अक्षरांपैकी फार मोठा वाटा अशा अक्षरांचा आहे, की ज्यांत एक भाग अर्थाचे क्षेत्र दाखवतो आणि दुसरा केवळ उच्चार सुचवतो. 'बेइ'तले 'नाही' हे उच्चारासाठी आहे. 'शू'तले 'सारखे' उच्चारासाठी आहे, असे खुद्द शू शेनही सांगतो. चिनी अक्षर म्हणजे चित्र आणि चित्र म्हणजे काव्य, ही कल्पना एर्नेस्ट फेनोलोसाच्या निबंधातून एझ्रा पाउंडपर्यंत आली. इंग्रजी कवितेला तिचा फायदा झाला, चिनी भाषेच्या आकलनाला झाला असे म्हणता येत नाही.

या संदर्भात लू शुनच्या सेन्दाईच्या आठवणी मला फार मोलाच्या वाटतात. लू शुन १९०४ मध्ये जपानमधील सेन्दाईच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला. शरीररचनाशास्त्राचे त्याचे शिक्षक फुजिनो त्याच्या वह्या घेऊन लाल शाईने तपासून परत देत. एकदा त्याने हाताची एक रक्तवाहिनी जागेवरून जराशी सरकवून काढली होती. आकृती त्यामुळे अधिक देखणी दिसत होती. तशी ती देखणी दिसते हे खरे, पण शरीररचनेची आकृती म्हणजे कलाकृती नव्हे आणि वस्तू जशी आहे तशी ती आपल्याला बदलता येत नाही, असे फुजिनोंनी त्याला समजावले. तरुण लू शुनला ते तेव्हा पटले नव्हते. मला वाटते, अक्षरे फोडून तत्त्वज्ञान काढणाऱ्या आम्हा सर्वांच्या वहीत कोणीतरी लाल शाईने एवढेच लिहायला हवे.

लू शुन वैद्यकाकडे वळला होता तो वडिलांच्या आजारामुळे. नामांकित वैद्यांनी चित्रविचित्र औषधे सांगावीत, मुलाने घरातल्या चीजा गहाण ठेवून ती आणावीत आणि वडिलांनी तरीही जावे, हे त्याने पाहिले होते. सुन सिम्याओची परंपरा सांगणाऱ्या पेशाचे दुसरे रूप ते हे, आणि ते विसरून सातव्या शतकातल्या प्रकरणाचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे सेन्दाईच्या वर्गात त्याने पडद्यावर एक चित्र पाहिले : रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून एका चिनी माणसाचा शिरच्छेद होणार आहे, आणि धडधाकट चिनी बघे भोवती उभे आहेत. त्यांच्या चेहऱ्यांसाठी लू शुनने १९२२ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत जो शब्द वापरला तो बधिरतेचाच आहे. हातापायांना मुंग्या येऊन ते मेल्यासारखे होतात, त्यासाठी चिनीत वापरला जाणारा. शरीर बरे करून उपयोग नाही, मने जागी केली पाहिजेत, असे ठरवून १९०६ मध्ये त्याने वैद्यक सोडले.

या निर्णयाने जगाला एक मोठा लेखक दिला, त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यामागचा युक्तिवाद मला आता पूर्वीसारखा निर्विवाद वाटत नाही. मन आणि शरीर अशी वाटणी करून बधिरता मनाच्या खात्यात टाकायची आणि तिच्यावर साहित्याचा उपाय सांगायचा, यात साहित्याची बाजू फार सोपी होऊन जाते. त्या चित्रातले बघेही बघतच होते. बघण्याने बधिरता गेली नव्हती. अक्षरांविषयी मात्र लू शुन भाबडा नव्हता. १९३४ पासून त्याने रोमन लिपीतल्या नव्या चिनी लेखनाचा जोरदार पुरस्कार केला. सामान्य माणसाला विद्येपासून दूर ठेवणारे साधन, असे तो या अक्षरांकडे पाहत होता. तरीही स्वतः अखेरपर्यंत कुंचल्यानेच ती लिहीत राहिला. जी अक्षरे आम्ही दुरून पूजतो, त्यांच्यामुळे किती कोटी लोक निरक्षर राहिले असतील, हा प्रश्न विचारायला तो घरचाच माणूस लागला. त्याच्यामागून १९५६ मध्ये अक्षरांच्या सुलभीकरणाची योजना आली. 'प्रेम' या अक्षराच्या पोटातली हृदयाची खूण तेव्हा गेली, आणि प्रेमातून काळीज काढून घेतले अशी हळहळ आजही ऐकू येते. 'त्स' आणि 'बेइ' यांची हृदये शाबूत राहिली. त्या वर्षानंतर चीनमध्ये प्रेम आटले आणि करुणा टिकली, असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या दोन दशकांत तेथे जे घडले त्यात कोणत्याच हृदयाची खूण कामाला आली नाही.

सुन सिम्याओच्या त्या यादीतला 'ह्वा' आणि 'यी' यांचा भेद मी अलीकडे वाचला तो सोलापूरच्या एका वैद्याच्या नावामुळे. १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. या पाचही जणांच्या चिनी नावांच्या अखेरीस एकच अक्षर आहे, 'ह्वा'. प्राचीन वैद्याच्या दृष्टीने जे 'यी' ठरले असते, ते आपल्या नावात चीन घेऊन वावरले. द्वारकानाथ कोटणीस झाले 'क दिह्वा'. ते चिनी बोलायला शिकले, त्या भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले, १९४१ मध्ये ते बेथून यांच्या नावे असलेल्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आमच्या आधीच्या पिढीने डोळे पुसत पाहिला. तोही करुण रसाचाच आस्वाद होता. त्यात माझे वडीलही होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये कोटणिसांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिन-ह्वा' ठेवले. 'यिन' हा चिनीतल्या भारताच्या नावाचा पहिला अवयव, 'ह्वा' म्हणजे चीन. या 'यिन'चे जुने रूप पाहायला मिळाले तेव्हा मी चकित झालो. प्राचीन अस्थिलेखांत ते असे आहे : एक माणूस गुडघे टेकून बसला आहे आणि वरून एक हात त्याला खाली दाबतो आहे. पुढे त्याचा अर्थ झाला ठसा, मुद्रा. आणि आणखी पुढे, केवळ उच्चारामुळे, ते आमच्या देशाच्या नावात आले. मुलाचे नाव उच्चारताना त्या आईबापांच्या मनात ना दाबणारा हात होता, ना गुडघे टेकलेला माणूस.

९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेइ प्रांतातल्या ककुंग या खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी कोटणिसांचा अंत झाला. वय बत्तीस. मूल तेव्हा चार महिन्यांचे होते. ते पुढे वैद्यकच शिकत होते आणि १९६७ मध्ये तेही गेले.

माझा पाय मी रोज रात्री चाचपतो. आईच्या जखमा धुणाऱ्या त्या बाईंचा हात कसा होता, हे आठवायचा प्रयत्न करतो. त्या आधी गरम पाण्यात हात बुडवीत, मग ते स्वतःच्या गालाला लावून पाहत, आणि त्यानंतरच आईला स्पर्श करीत.